जुलाब-उलट्यांच्या रुग्णाची घरी काळजी कशी घ्यावी: पहिल्यांदाच ही जबाबदारी आलेल्यांसाठी

जुलाब आणि उलट्या सुरू झालेल्या माणसाच्या उशाशी जो पहिल्यांदाच बसतो, त्याच्या तोंडी बहुधा एकच प्रश्न असतो: हे थांबेल कशाने? प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्यामुळे हाताशी असलेले पहिले काही तास औषधाच्या शोधात निघून जातात. पोटाचा संसर्गजन्य आजार बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप ओसरतो. तो ओसरेपर्यंत शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार तितक्याच वेगाने परत भरत राहणे हे घरच्या माणसाचे खरे काम आहे. या आजारात जे जीव जातात, त्यांतले बहुतेक शरीर कोरडे पडल्यामुळे जातात, आणि म्हणूनच या लेखात औषधांपेक्षा पाणी पाजण्याविषयी अधिक सविस्तर लिहिले आहे.

आधी शब्दांचा अर्थ नक्की करू. चोवीस तासांत तीन किंवा त्याहून अधिक वेळा पातळ शौचास झाली, तर त्याला जुलाब किंवा अतिसार म्हणतात. केवळ स्तनपान करणाऱ्या तान्ह्या बाळाला दिवसातून अनेकदा मऊसर शी होते, ते मात्र जुलाब नव्हेत. तिथे नेहमीपेक्षा झालेला फरक पाहावा. शौचात रक्त असेल, तर तो आमांश, म्हणजे रक्ती आव. चौदा दिवसांच्या आत संपणारा अतिसार तीव्र समजला जातो, आणि त्याहून लांबला तर कारण वेगळे शोधावे लागते.

आतड्यात नेमके काय बिघडते

निरोगी प्रौढ माणसाच्या आतड्यात दिवसाकाठी सुमारे ८ ते ९ लिटर द्रव येतो. त्यातला जेमतेम २ लिटर खाण्यापिण्यातून आलेला असतो; उरलेला लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि खुद्द आतड्याचा पाझर या रूपाने शरीरच आत ओतत असते. यातले जवळजवळ सगळे पाणी आतडी पुन्हा शोषून घेतात आणि शौचावाटे १०० ते २०० मिलिलिटर एवढेच बाहेर पडते. या देवघेवीत थोडा जरी बिघाड झाला, तरी काही तासांत लिटरच्या लिटर पाणी बाहेर जाऊ शकते.

बिघाड करण्याची प्रत्येक जंतूची रीत निराळी असते. रोटाव्हायरससारखे विषाणू लहान आतड्याच्या आतल्या मखमलीसारख्या अस्तरावरील पेशी मारतात, त्यामुळे शोषण करणारा पृष्ठभागच कमी होतो. पटकीचा, म्हणजे कॉलराचा, जीवाणू पेशी न मारता एक विष सोडतो. त्या विषाने पेशी क्षार आणि त्यामागोमाग पाणी आतड्यात ओतत सुटतात, आणि गंभीर रुग्णाचे तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. शिगेला हा जीवाणू मोठ्या आतड्याच्या भिंतीतच शिरतो आणि तिथे व्रण करतो. म्हणून त्यात शौच थोडी थोडी पण वारंवार होते, पोटात मुरडा येतो, शेम आणि रक्त पडते आणि ताप चढतो. काही वेळा तर जंतू पोटात जाण्याचीही गरज नसते. अन्नातच त्याने विष तयार करून ठेवलेले असते, आणि ते अन्न पुन्हा गरम केल्यावर जंतू मेला तरी विष टिकून राहते.

या सगळ्या बिघाडात एक दार मात्र बहुधा उघडे राहते, आणि उपचाराची सारी भिस्त त्या दारावर आहे. आतड्याच्या पेशीवर ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारी एक वाट असते, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणीही आत ओढले जाते. कॉलराच्या विषानेसुद्धा ही वाट बंद होत नाही. नुसते पाणी प्यायले तर ते पुरेसे शोषले जात नाही. पण योग्य प्रमाणात मीठ आणि साखर असलेले पाणी शोषले जाते, जुलाब चालू असतानाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण नळ लावलेल्या पिंपांत भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. आधी ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. पाजणारे हात प्रशिक्षित नव्हते, ते घरच्यांचेच होते, ही गोष्ट नवख्या माणसाने मनात पक्की धरून ठेवावी.

पहिली पायरी: शरीर किती कोरडे पडले आहे ते पाहा

थर्मामीटर शोधण्याआधी रुग्णाकडे नीट पाहावे. तो नेहमीसारखा बोलतो-हसतो आहे का, की चिडचिडा आणि अस्वस्थ झाला आहे, की हाक मारूनही ग्लानीत पडून आहे? डोळे खोल गेलेत का? मूल रडताना डोळ्यांतून पाणी येते आहे का? जीभ आणि तोंडाचा आतला भाग ओला आहे की चिकट? तान्ह्या बाळाची टाळू आत ओढली गेली आहे का? पाणी पुढे केल्यावर रुग्ण अधाशासारखा पितो, नेहमीसारखा पितो, की पिण्याचीही ताकद उरलेली नाही?

यानंतर त्वचेचा चिमटा घ्यावा. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध पोटावरची त्वचा अंगठा आणि तर्जनी यांच्या पेरांनी उचलायची, क्षणभर धरायची आणि सोडून द्यायची. निरोगी त्वचा तत्काळ सपाट होते. ती हळू परतली, म्हणजे सोडल्यावर तिची घडी डोळ्यांना क्षणभर दिसत राहिली, तर पाणी कमी झाले आहे. घडी दोन सेकंद किंवा त्याहून अधिक टिकली, तर स्थिती गंभीर आहे. वृद्धांची आणि कुपोषित मुलांची त्वचा मुळातच सैल असते आणि गुबगुबीत बाळाची भरलेली असते, त्यामुळे या तिघांत चिमटा फसवतो. तिथे इतर खुणांवर भर द्यावा.

घरी करता येणारे सर्वांत भरवशाचे मोजमाप लघवीचे आहे. एका कागदावर वेळ घालून तीन नोंदी ठेवाव्यात: जुलाब किती झाले, उलट्या किती झाल्या आणि लघवी केव्हा झाली. लघवी गडद पिवळी आणि थोडी होऊ लागली, म्हणजे मूत्रपिंडे पाणी वाचवू लागली आहेत. लहान मुलाला सहा ते आठ तास आणि मोठ्या माणसाला आठ-दहा तास लघवीच झाली नसेल, तर घरी थांबू नये. डॉक्टरांपुढे गेल्यावर "खूप जुलाब झाले" या सांगण्यापेक्षा हा कागद कितीतरी अधिक उपयोगी पडतो. डायपर वापरणाऱ्या बाळाची पातळ शी आणि लघवी एकमेकांत मिसळतात, तेव्हा डायपर नुसता ओला आहे म्हणून निर्धास्त होऊ नये.

पुढीलपैकी काहीही दिसले तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे, आणि वाटेतही पाजणे चालू ठेवावे. रुग्ण ग्लानीत आहे, बेशुद्ध आहे किंवा पिऊच शकत नाही. हातपाय गार पडलेत, नाडी क्षीण लागते किंवा उभे राहताच भोवळ येते. प्रत्येक घोट उलटून पडतो आहे. शौचात रक्त आहे किंवा शौच डांबरासारखी काळी आहे. उलटी हिरवट पित्ताची किंवा रक्ताची आहे. मोठ्या माणसाला ३९ अंश सेल्सियसहून अधिक ताप आहे, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश जरी झाला आहे. पोटात सतत एकाच जागी तीव्र दुखते आहे किंवा पोट फुगून कडक झाले आहे. सहा महिन्यांच्या आतले बाळ, गरोदर स्त्री, वयोवृद्ध, मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती दबवणारी औषधे घेणारे यांच्याबाबत तर गंभीर खुणांची वाट न पाहता पहिल्याच दिवशी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगितली पाहिजे. प्रत्येक उलटी पोटाच्या संसर्गाची नसते. जुलाब नाहीत, नुसत्याच उलट्या आहेत आणि दुखणे बेंबीकडून सरकत उजव्या कुशीत स्थिरावते आहे, तर ते अपेंडिक्स असू शकते. तान्हे मूल मधूनमधून पाय पोटाशी घेऊन किंचाळते, मध्ये शांत पडते आणि लालसर, जेलीसारखी शी करते, तेव्हा आतड्यात आतडे अडकल्याची शक्यता असते आणि ती तातडीची शस्त्रक्रियेची बाब ठरू शकते. मधुमेहाची साखर बेसुमार वाढल्यावर, मेंदूज्वरात आणि लहान मुलांच्या मूत्रसंसर्गातही उलट्या होतात. उलट्यांबरोबर तीव्र डोकेदुखी आणि मान आखडणे दिसले, तर पोटाचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालयात जावे.

दुसरी पायरी: जलसंजीवनी बनवा

औषधाच्या दुकानात मिळणारे ओआरएसचे, म्हणजे जलसंजीवनीच्या भुकटीचे, पाकीट हा सर्वांत चांगला पर्याय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली ठरवलेल्या कमी तीव्रतेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. पाकिटावर किती पाण्यात विरघळवायचे ते छापलेले असते, कारण लहान आणि मोठी अशी दोन्ही पाकिटे मिळतात. संपूर्ण पाकीट तेवढ्याच पाण्यात एकदम घालावे. अर्धे आज, अर्धे उद्या असे करू नये, कारण भुकटी सारखी मिसळलेली असेलच असे नाही. पाणी उकळून गार केलेले किंवा अन्य रीतीने शुद्ध केलेले असावे, द्रावण मात्र पुन्हा उकळू नये. त्यात वरून साखर, मीठ किंवा फळांचा रस घालू नये. झाकून ठेवावे आणि २४ तासांनी उरलेले फेकून नवे करावे. ओआरएससारख्याच डब्यांत आणि बाटल्यांत मिळणारी गोड पेये ओआरएस नसतात, म्हणून वेष्टणावरचे घटक वाचूनच घ्यावे.

पाकीट मिळेपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. इथे "सपाट" हा शब्द महत्त्वाचा आहे: चमचा भरल्यावर सुरीच्या पात्याने वरचा ढीग निरपून टाकावा. मीठ जास्त झाले तर लहान मुलाच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकते, आणि साखर जास्त झाली तर तीच आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. म्हणून पाजण्याआधी घोटभर चाखावे. ते डोळ्यांतील आसवांहून खारट लागले, तर ओतून द्यावे आणि पुन्हा मोजून करावे. या घरगुती द्रावणात पोटॅशियम नसते, त्यामुळे ते पाकिटाची जागा कायमची घेऊ शकत नाही. शीतपेये आणि पाणी न घातलेले फळांचे रस यांत साखर फार आणि मीठ नगण्य असते. लहान मुलांना ती या काळात देऊच नयेत.

तिसरी पायरी: पाजायचे कसे

नवख्या माणसाची सर्वांत मोठी चूक इथे होते. मूल तहानलेले असते, ते पेला हिसकावून गटागटा पिते, पाच मिनिटांत सगळे उलटते, आणि पाजणारा म्हणतो, "याच्या पोटात पाणीही ठरत नाही." पुष्कळदा पोटात पाणी ठरत असते, फक्त एकदम भरलेले पोट ते टिकू देत नाही. उलटी झाली की घड्याळ पाहून दहा मिनिटे थांबावे. मग पाच मिलिलिटरचा एक चमचा, दोन-तीन मिनिटांनी दुसरा, असे सुरू करावे. अर्धा-पाऊण तास उलटी झाली नाही, की दोन चमच्यांमधले अंतर कमी करावे. उलटीत बाहेर पडले ते सगळे वाया गेले असे समजून निराश होऊ नये, कारण दोन उलट्यांच्या मधल्या वेळात बरेचसे पाणी शोषले गेलेले असते.

कोरडेपणाच्या खुणा नसतील, तर नेहमीच्या पाण्याखेरीज प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर आणि दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर जलसंजीवनी द्यावी. त्याहून मोठ्यांनी तहान भागेल तितकी आणि वर आणखी थोडी प्यावी. अस्वस्थपणा, खोल गेलेले डोळे, अधाशी तहान, हळू परतणारा चिमटा यांपैकी दोन खुणा एकत्र दिसल्या, तर वजनाच्या दर किलोला ७५ मिलिलिटर या हिशोबाने पहिल्या चार तासांत पाजायचे असते, आणि ते शक्यतो दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली व्हावे. दहा किलोच्या मुलासाठी हे ७५० मिलिलिटर होतात, म्हणजे दीडशे चमचे. दर दीड-पावणेदोन मिनिटाला एक. हा हिशोब मुद्दाम मांडला, कारण या उपचाराला लागणारी चिकाटी त्यातून कळते. एका माणसाने चार तास सलग हे करणे अवघड असते. म्हणून सुरुवातीलाच पाळी लावून घ्यावी आणि रात्रीच्या जागरणासाठी दुसऱ्या कुणाला तरी आधी झोपवावे.

गंभीर कोरडेपणात मात्र चमच्याच्या भरवशावर राहू नये. तिथे शिरेतून सलाईनच लागते, आणि प्रत्येक मिनिट मोलाचे असते. याउलट, रुग्ण नीट पीत असताना "सलाईन लावले की लवकर बरे वाटते" म्हणून ते मागून घेण्याचे कारण नाही. तोंडावाटे दिलेले द्रावण तितकेच काम करते आणि सुईचा संसर्गही टळतो.

चौथी पायरी: उपाशी ठेवू नका

जुलाबांत पोटाला विश्रांती द्यावी, हा समज जुना आहे आणि लहान मुलांसाठी तो घातक आहे. आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नव्याने तयार होत असते आणि त्या बांधणीला अन्न लागते. स्तनपान क्षणभरही थांबवू नये. उलट ते अधिक वेळा द्यावे. वरचे दूध पिणाऱ्या बाळाला नेहमीचेच दूध नेहमीच्याच दाटपणाचे द्यावे, पातळ करू नये. मोठ्यांनी आणि मुलांनी भूक लागताच मऊ शिजवलेले, ताजे, कमी तेलकट आणि कमी गोड अन्न थोडे थोडे खावे. काही जणांना आजारानंतर आठवडा-दोन आठवडे दूध पचत नाही, पोट फुगते आणि जुलाब वाढतात. तेवढ्यापुरते दूध कमी करावे. आजार सरल्यावर मुलाला दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्यावे, म्हणजे घटलेले वजन भरून निघते.

पाच वर्षांखालील मुलांना जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्या किंवा सिरप दहा ते चौदा दिवस देतात. त्याने चालू आजाराचा काळ घटतो. मात्रा वयाप्रमाणे डॉक्टर सांगतील; जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून झिंक तिसऱ्या दिवशी बंद करू नये.

पाचवी पायरी: औषधांच्या बाबतीत हात आखडा

बहुतेक वेळा कारण विषाणू असते आणि विषाणूवर प्रतिजैविकाचा, म्हणजे अँटिबायोटिकचा, काहीही परिणाम होत नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेणे तर निव्वळ नुकसानीचे आहे: पोटातील उपयुक्त जीवाणू मरतात, जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि कधी कधी अँटिबायोटिकनंतरच क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जीवाणूचे वेगळे, चिवट जुलाब सुरू होतात. रक्ती आव, कॉलरा, जियार्डिया किंवा अमीबा या परजीवींचा संसर्ग अशा ठरावीक आजारांत अचूक औषध आवश्यकच असते, पण ते कोणते आणि किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचे. ई. कोलाय या जीवाणूच्या ओ१५७ सारख्या विषारी प्रकारात अँटिबायोटिकने मूत्रपिंडांचा धोका वाढू शकतो, म्हणून रक्त पडत असताना स्वतःच्या मनाने काहीही घेऊ नये.

जुलाब बांधणारे लोपेरामाइड आतड्याची हालचाल मंदावते. रक्त किंवा ताप नसलेल्या मोठ्या माणसाला प्रवासासारख्या अडचणीत ते थोडा वेळ चालते. लहान मुलांना ते देऊ नये, आणि रक्त किंवा जोराचा ताप असताना कुणालाही देऊ नये. उलटी थांबवण्यासाठी डॉक्टर ऑन्डॅन्सेट्रॉन देतात, आणि त्याने पाजणे सोपे होते. तापाला पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात चालते. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके मात्र शरीर कोरडे असताना मूत्रपिंडांना इजा करू शकतात. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, तसेच मधुमेहाचे मेटफॉर्मिन चालू असेल, तर त्या दिवशी ती घ्यावीत की थांबवावीत हे डॉक्टरांना फोन करून विचारावे. मला वाटते, मोठ्या माणसांच्या आजारात सर्वांत अधिक राहून जाणारी गोष्ट हीच आहे.

सहावी पायरी: कारणाचा माग

कारण कळल्याने घरचे उपचार फारसे बदलत नाहीत, तरी आजार कधी सुरू झाला यावरून बराच अंदाज बांधता येतो. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा-आठ तासांत जोरदार उलट्या सुरू झाल्या, तर अन्नात आधीच तयार झालेले विष हे कारण असू शकते. स्टॅफिलोकॉकसचे विष हाताळणाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून किंवा नाकातून अन्नात गेलेल्या जीवाणूंचे असते. बॅसिलस सिरियसचे बहुधा तासन्‌तास बाहेर राहिलेल्या भातातले. ही लक्षणे साधारण एका दिवसात ओसरतात. बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी उलट्या-जुलाब आणि पाठोपाठ घरातील एकेकजण आजारी, हा नोरोव्हायरसचा नेहमीचा क्रम आहे, आणि तो एक ते तीन दिवस टिकतो. रोटाव्हायरस लहान मुलांना गाठतो, सुमारे दोन दिवसांनी उमटतो आणि तीन ते आठ दिवस राहतो. कॅम्पिलोबॅक्टर दोन ते पाच दिवसांनी ताप आणि पोटदुखी घेऊन येतो. जियार्डियाला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यात तेलकट, घाण वासाची शौच, ढेकर आणि फुगलेले पोट आठवडेच्या आठवडे राहते. अमीबाची आव तर दोन ते चार आठवड्यांनीही दिसू शकते. त्यामुळे काल रात्रीच्या जेवणाला दोष देण्याआधी गेल्या काही दिवसांचा विचार करावा.

साध्या जुलाबांत शौच तपासण्याची गरज नसते. रक्त पडत असेल, ताप टिकून असेल, जुलाब आठवड्याहून लांबले असतील, रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल, किंवा एकाच ठिकाणचे पुष्कळ लोक एकदम आजारी पडले असतील, तर मात्र तपासणी करावी. भाताच्या पेजेसारखे पांढरट पाणी सतत जात असेल, तर कॉलराचा संशय धरून आरोग्य यंत्रणेला कळवावे.

सातवी पायरी: घरातील इतरांना वाचवा

नोरोव्हायरसचे शंभराहून कमी कणही आजार द्यायला पुरतात, आणि शिगेलाचे दहा ते शंभर जीवाणू. त्यामुळे "हात धुतले होते" एवढे पुरेसे नसते. शौचानंतर, डायपर बदलल्यावर, उलटी पुसल्यावर आणि अन्नाला हात लावण्यापूर्वी साबण लावून वीस सेकंद बोटांच्या बेचक्या आणि नखांखालचा भाग चोळून हात धुवावेत आणि वाहत्या पाण्याखाली धरावेत. अल्कोहोलचे सॅनिटायझर नोरोव्हायरसवर नीट चालत नाही. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते हाही गैरसमज आहे. ती शौचालयातच टाकावी.

उलटी सांडली असेल तर हातमोजे घालून आधी कागदाने किंवा टाकाऊ फडक्याने टिपून घ्यावी, झाडू लावून पसरवू नये. मग जागा साबणाने धुवावी. त्यानंतर ५ टक्के क्लोरीनच्या ब्लीचचे २० मिलिलिटर एक लिटर पाण्यात घालून ते किमान पाच मिनिटे तिथे राहू द्यावे. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया असलेले दुसरे क्लीनर कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. माखलेले कपडे न झटकता वेगळे आणि गरम पाण्यात धुवावेत. दाराच्या मुठी, नळ आणि फ्लशचे बटण नेमके विसरले जातात, तेव्हा तेही पुसावेत.

आजारी व्यक्तीने शेवटच्या जुलाबानंतर किंवा उलटीनंतर ४८ तास उलटेपर्यंत शाळेत किंवा कामावर जाऊ नये आणि इतरांचा स्वयंपाक करू नये. बरे वाटल्यावरही नोरोव्हायरस दोन आठवडे किंवा अधिक काळ शौचावाटे पडत राहतो, म्हणून हात धुण्याची शिस्त तेवढी टिकवावी. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीला क्लोरीनही सहजासहजी मारू शकत नाही. त्याच्या रुग्णाने जुलाब थांबल्यावर दोन आठवडे पोहण्याच्या तलावात उतरू नये. शंकास्पद पाणी खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळावे, आणि २,००० मीटरहून उंच जागी तीन मिनिटे. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, कारण साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जीवाणू झपाट्याने वाढतात.

रोटाव्हायरस १९७३ साली रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आजारी मुलांच्या आतड्याच्या नमुन्यांत सापडला. त्यावरची तोंडाने देण्याची लस बाळाला सहा आठवड्यांपासून देता येते, आणि २००९ पासून जागतिक आरोग्य संघटना सर्वच देशांना तिची शिफारस करते. ही लस मोठ्या वयात सुरू करता येत नाही, म्हणून बाळाच्या पहिल्या लसीकरणालाच तिची चौकशी करावी.

बरे वाटू लागल्यावर

जुलाब थांबले तरी एक-दोन आठवडे थकवा राहतो आणि शौच पूर्ववत व्हायला वेळ लागतो. त्यात घाबरण्याजोगे काही नाही. साधारण दहातल्या एकाला पुढे काही महिने पोटात मुरडा, गॅस आणि अनियमित शौच यांचा त्रास होत राहतो. तो नव्या संसर्गाचा नसतो, त्यावर पुन्हा अँटिबायोटिक घेऊ नये.

काही खुणा मात्र उशिरा येतात आणि त्यांकडे दुर्लक्ष परवडत नाही. रक्ती जुलाबानंतर साधारण आठवड्याने मूल फिकट दिसू लागले, लघवी कमी झाली, अंगावर निळसर डाग उठले किंवा चेहरा सुजला, तर विषारी ई. कोलायमुळे मूत्रपिंडे निकामी होत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी रक्ताची तपासणी करून घ्यावी. कॅम्पिलोबॅक्टरनंतर क्वचित, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा पायांकडून वर चढू लागतो. तेव्हाही त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गुडघा किंवा घोटा सुजला, डोळे लाल झाले आणि लघवीला जळजळ होऊ लागली, तर डॉक्टरांना आधीच्या जुलाबांविषयी आठवणीने सांगावे, कारण तोवर ते होऊन दोन-तीन आठवडे झालेले असतात आणि दोन्हींचा संबंध रुग्णाच्या लक्षातच येत नाही.